तान्ह्यासह पयोनगरीला

बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना मुलाबाळांसह फिरावयास कोठे जावे, हा प्रश्न कधी फारसा पडला नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८७९ साली, विश्वामित्रीच्या काठी कामाटीबाग उभी राहिली. पुढे तेथे वस्तुसंग्रहालय आले, पशुपक्ष्यांचे पिंजरे आले, मुलांसाठी छोटी आगगाडी आली. आमच्या आजोबांच्या काळापासून रविवारची दुपार म्हणजे कामाटीबाग, बरोबर लिलो चिवडा आणि पाण्याची सुरई, असा परिपाठ होता. बागेचे नाव कागदोपत्री सयाजीबाग असले, तरी दांडियाबाजारातल्या आणि रावपुऱ्यातल्या घरांतून तिला कामाटीबागच म्हणतात.

मात्र या सहलींचा एक अलिखित नियम होता. ज्या घरी तान्हे मूल असे, त्या घरची सून सहलीला येत नसे. तिला कोणी ‘येऊ नकोस’ असे म्हणत नसे. ‘बाळाचे हाल होतील’ एवढेच म्हटले जाई आणि मग तीच आपण होऊन ‘मी घरी थांबते’ असे म्हणे. उरलेली मंडळी परत आली की तिने चहा टाकावा आणि हत्तीने काय केले, माकडाने काय केले, हे मुलांच्या तोंडून ऐकावे. ‘लेकुरवाळी’ हा आपल्या भाषेतला किती भरलेला, मायेचा शब्द आहे! परंतु त्या लेकुरवाळीची वर्ष-दीड वर्षे घराच्या चार भिंतींत जात, याकडे आपले लक्ष क्वचितच गेले.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी हाच प्रसंग आला. नात पहिलीत आहे. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी एकतानगरला जाऊन आल्या होत्या आणि तेथील मुलांच्या आगगाडीचे वर्णन ऐकून ऐकून तिने घर डोक्यावर घेतले होते. नातवाला नुकताच सहावा महिना लागला होता. तो सर्वस्वी आईच्या अंगावर होता, वरचे अन्न अद्याप सुरू व्हावयाचे होते. आमच्या थोरल्या भगिनी, आक्का, त्या सुमारास आमच्याकडेच होत्या. त्यांनी आपले मत लगेच दिले.

“अरे, एवढ्या तान्ह्याला घेऊन दिवसभर कुठं हिंडणार? सूनबाई राहील घरी. फारच वाटलं तर बाटली भरून घ्या बरोबर.”

सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्या एका बँकेत नोकरी करतात आणि रजा संपावयास थोडेच आठवडे उरले होते. त्या आत जाऊन बाळाची दुपटी घड्या करू लागल्या. तेवढ्यात नात म्हणाली, “आई नसेल तर मला आगगाडीत नाही बसायचं.” सौभाग्यवतींनी हातातली भाजी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, “अहो, जाऊ तर सगळे जाऊ. बाळ भुकेजलं की त्याची आई पाजील. त्यात एवढा विचार करण्यासारखं काय आहे?”

वस्तुतः विचार करण्यासारखे बरेच होते, आणि तो सौभाग्यवतींनीच पुढल्या दोन दिवसांत केला. आक्कांना गरुडेश्वरच्या दर्शनाचे आश्वासन मिळाले आणि त्याही यावयास तयार झाल्या. एक मोठी गाडी भाड्याने ठरली. सात माणसे, त्यांतले एक पाच महिन्यांचे, असा आमचा परिवार सकाळी लवकर निघाला.

बडोद्याहून एकतानगर सुमारे ९० किलोमीटर. रस्ता डभोईवरून जातो. डभोई म्हणजे पुराणी दर्भावती. तेथील हिराभागोळ दरवाजाचे कोरीव काम पाहावयास आजही जाणकार थांबतात. आमच्यासारख्या बडोदेकरांना डभोईचा आणखी एक अभिमान आहे. १८६२ मध्ये गायकवाड सरकारने डभोई ते मियागाम अशी अरुंद मापाची लोहमार्गाची वाट घातली आणि तिच्यावरचे डबे आरंभी बैल ओढीत. हिंदुस्थानातील अरुंद मापाच्या रेल्वेची ती सुरुवात होय. त्याच डभोईवरून आता रुंद मापाचा मार्ग केवडियापर्यंत गेला आहे. तो १७ जानेवारी २०२१ रोजी खुला झाला. केवडियाचे स्थानक आता एकतानगर या नावाने ओळखले जाते.

डभोई मागे पडली आणि बाळाने मूठ तोंडात घातली. सौभाग्यवतींनी लगेच चिरंजिवांना गाडी बाजूला घ्यावयास सांगितले. “रडायला लागलं म्हणजे भूक लागली असं नव्हे, रडू हे भुकेचं शेवटचं सांगणं. मूठ चोखणं, मान वळवून तोंड उघडणं, हे पहिलं.” गाडी चालू असताना मुलाला पाजू नये, हा त्यांचा दुसरा दंडक. अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचे मूल सावरता येत नाही. एका मोठ्या लिंबाच्या सावलीत गाडी उभी राहिली. आम्ही, चिरंजीव आणि नात खाली उतरून कपाशीची शेते पाहत उभे राहिलो. वीस मिनिटे गेली. त्या वीस मिनिटांत नातीला कपाशीचे बोंड कसे उकलते ते कळले आणि बाळ तृप्त होऊन झोपी गेले. प्रवासाला त्यामुळे उशीर झाला असे कोणालाच वाटले नाही.

गरुडेश्वरला नर्मदेच्या तीरावर श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबेस्वामी, यांची समाधी आहे. सिंधुदुर्गातल्या माणगावी जन्मलेल्या या दत्तभक्त संन्याशाने १९१४ मध्ये येथे देह ठेवला. तेव्हापासून गुजरातेतील मराठी माणसांचे हे जिव्हाळ्याचे ठिकाण झाले आहे. दर्शन झाल्यावर आक्का ओवरीत बसल्या. बाळाने पुन्हा चुळबूळ सुरू केली, तेव्हा सूनबाई क्षणभर घुटमळल्या. आक्कांनी सरकून भिंतीकडची जागा मोकळी केली आणि मग, नदीकडे पाहत, त्यांनी आम्हां कोणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली.

१९८१ साली त्या पहिल्या बाळंतपणानंतर बडोद्याहून मुंबईला सासरी निघाल्या होत्या. मुलगी तीन महिन्यांची. डबा गच्च भरलेला, समोर सारे परके पुरुष, बरोबर वडीलधारे दीर. मूल भुकेने कळवळत होते आणि ह्यांना पदराआड घेण्याचा धीर होईना. शेवटी त्या डब्याच्या संडासात गेल्या. हलणाऱ्या गाडीत, एका हाताने कडी धरून, उभ्याने मुलीला पाजले. “त्या घाणीत माझा पान्हाच आटल्यासारखा झाला,” आक्का म्हणाल्या. “मुलगी ओढून ओढून रडत होती. तेव्हापासून मी ठरवलं, की तान्हं घेऊन बाईनं बाहेर पडूच नये.”

सूनबाई ऐकत होत्या. त्यांनी बाळाला जवळ घेतले होते. थोड्या वेळाने म्हणाल्या, “आत्या, मग तुम्ही किती दिवस घरात राहिलात?”

“दोन वर्षं,” आक्का म्हणाल्या. “धाकट्याच्या वेळी आणखी दोन.”

आक्कांचा पान्हा त्या दिवशी का अडला, याला शास्त्राचा आधार आहे. दूध तयार होणे ही एक क्रिया आणि ते वाहते होणे ही दुसरी. ज्या संप्रेरकामुळे पान्हा फुटतो, त्याचे काम भीती, संकोच, वेदना यांनी काही काळ मंदावते. दूध असते, पण ते उतरत नाही. आई निवांत झाली, पाठीला टेका मिळाला, की ते पुन्हा वाहू लागते. तेव्हा आईला आरामात बसावयास मिळणे ही चैन नव्हे. बाळाच्या पोटाचा तो प्रश्न आहे. पाजण्याची वेळ पुन्हा पुन्हा टळली तर आईलाही सोसावे लागते. छाती दाटते, गाठी येतात, प्रसंगी ताप भरतो.

गरुडेश्वरहून एकतानगर जवळच. येथील सरदार सरोवर धरणाची कोनशिला १९६१ मध्ये पंडित नेहरूंनी बसविली आणि धरण राष्ट्राला अर्पण झाले ते २०१७ मध्ये. त्या जलाशयाखाली गुजरात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांतील कितीतरी गावे गेली. येथील विस्तीर्ण रस्त्यांवरून फिरताना त्या गावांची आठवण ठेवणे प्रवाशाचे कर्तव्य होय. धरणासमोर, साधू बेटावर, सरदार वल्लभभाईंचा १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याचे अनावरण झाले. उंचीचा १८२ हा आकडा गुजरात विधानसभेच्या जागांवरून घेतलेला आहे.

या पुतळ्याचे शिल्पकार राम सुतार हे धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे, म्हणजे आपले मराठीच. परंतु आम्हांला त्या दिवशी त्यांचे दुसरे शिल्प अधिक आठवत होते. तारुण्यात त्यांनी गांधीसागर धरणावर चंबळ नदीची ४५ फूट उंच मूर्ती घडविली. चंबळ तेथे माता आहे आणि तिच्याजवळची दोन बालके म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. नदीला आई कल्पिणे आपल्याला किती सहज जमते! ती दोन राज्यांना पाजते असे म्हणताना आपण संकोचत नाही. मग हाडामांसाची आई चारचौघांत आपल्या एका लेकराला पाजू लागली, की आपण माना का वळवाव्यात?

ज्यासाठी नातीने हट्ट धरला होता, ते मुलांचे पोषण उद्यान ३० ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले. आहार हाच विषय घेऊन मुलांसाठी रचलेले हे थीम पार्क आहे. येथे एक छोटी आगगाडी धावते आणि तिच्या वाटेवर पाच स्थानके लागतात. ‘फलशाक गृहम्’मध्ये फळे-भाज्या, ‘पयोनगरी’त दूधदुभते, ‘अन्नपूर्णा’त घरच्या अन्नाचा महिमा, असे करीत गाडी शेवटी ‘स्वस्थ भारतम्’ला पोहोचते. आरशांचा भुलभुलैया आहे, दृश्याबरोबर आसनेही हलतील असे चित्रगृह आहे, खेळता खेळता आहाराचे ज्ञान देणारी यंत्रे आहेत. तीस वर्षे मुलांना शिकविण्यात घालविलेल्या माणसाला हे सारे पाहून समाधान वाटले. भेंडीवर निबंध लिहावयास सांगून जे साधत नाही, ते भेंडीच्या गावाला आगगाडीने नेऊन साधते.

आमची व्यवस्था अशी होती. रांगेत उभे राहण्यापूर्वी बाळाचे पोट भरावयाचे. मग सूनबाई आणि नात गाडीत बसणार, चिरंजीव त्यांच्यासोबत, आणि आम्ही वडीलधारी मंडळी बाळाला घेऊन बाहेर. अंधाऱ्या, दणदणत्या चित्रगृहात तान्ह्याला नेण्याचे कारणच नाही. त्याच्या कानांना तो आवाज सोसत नाही. तिकीट काढतानाच सौभाग्यवतींनी सावलीतले एक बाक हेरून ठेवले होते. त्याच्यामागे झुडपांची दाट ओळ होती आणि समोरून फारशी वर्दळ नव्हती. सूनबाईंनी भिंतीस टेकल्याप्रमाणे पाठीमागे उशी घेतली, पायाखाली पिशवी घेतली, बाळाचे पोट आपल्या पोटाला लावून, त्याचा कान, खांदा आणि कुल्ला एका रेषेत येतील असे त्याला धरले. अंगात पुढून चेन असलेला सुती कुर्ता आणि वर मोठी ओढणी. दोन पावलांवरूनही कोणाला काही कळले नसते.

तथापि या वयाच्या मुलाचा एक निराळाच खोडसाळपणा असतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात त्याला जग दिसू लागते. आगगाडीची शिट्टी झाली, की बाळ पिणे सोडून मान वळवी. फुगेवाला दिसला, की पुन्हा तेच. ओढणी त्याने दोनदा ओढून काढली. सूनबाई कानकोंड्या झाल्या. तेव्हा आक्का उठल्या, आपली शाल दोन्ही हातांत उघडून धरली आणि बाकाच्या त्या बाजूस उभ्या राहिल्या, जणू ऊन लागू नये म्हणून. त्या काही बोलल्या नाहीत. बाळाला आता शालीपलीकडचे काही दिसेना, आणि ते मुकाट्याने पिऊ लागले.

त्या बाकावर बसल्या बसल्या ‘पयोनगरी’ या नावाने आमच्यातला भाषाशिक्षक जागा झाला. संस्कृतातील ‘पयस्’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, दूध आणि पाणी. ‘पयोधर’ म्हणजे मातेचे स्तन आणि मेघही. वर्गात आम्ही हा शब्द अनेकदा फोडून सांगितला आहे. परंतु त्याचा अर्थ किती नेमका आहे, हे त्या दुपारी दिसले. डिसेंबर असूनही ऊन तापले होते आणि शेजारच्या एका आजीबाईंनी मायेने सुचविले, “બાળકને પાણી પાઓ” म्हणजे बाळाला दोन थेंब पाणी पाजा. सूनबाईंनी हसून नकार दिला. डॉक्टरांनी त्यांना बजावलेच होते, की पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही नको. पाणी नको, मध नको, गुटी नको. आईच्या दुधात शंभरांत सुमारे ८८ भाग पाणीच असते, आणि पाजण्याच्या आरंभी येणारे दूध अधिक पातळ, तहान भागविणारे असते, तर नंतरचे दाट, पोट भरणारे. उन्हाळ्यात बाळाला तहान लागली तर ते अधिक वेळा पिते, एवढेच. पाण्याची अधिक गरज असते ती आईला. म्हणून बाळ पिऊ लागले, की सौभाग्यवती सूनबाईंच्या हाती पाण्याचा पेला देत. जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे हेच आहे, की जन्मानंतर तासाभरात पाजणे सुरू करावे, सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ ते चालू ठेवावे. आपल्या पूर्वजांनी दूध आणि पाणी यांना एकच शब्द योजला, तो तान्ह्या बाळाच्या दृष्टीने तंतोतंत खरा आहे.

बाहेर रस्त्याच्या कडेला एक तडवी बाई मक्याची कणसे भाजत बसली होती. तिच्या मांडीवर वर्षाचे मूल पीत होते. एका हाताने ती निखाऱ्यांना वारा घालीत होती, गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत होती, आणि मुलाच्या भुकेत तिच्या कामाने किंवा कामात मुलाच्या भुकेने काही अडथळा येत नव्हता. कोणी तिच्याकडे वळून पाहिले नाही. गुजरातीत अंगावर पिणाऱ्या मुलाला ‘धावणुं’ म्हणतात. आपण शिकलेल्या मंडळींनी ज्या गोष्टीचे अवघड कोडे करून ठेवले, ती या बाईच्या हातची सवय होती. अर्थात तिला सावली, बाक आणि थोडा विसावा मिळाला असता तर तो तिलाही हवाच होता, हे विसरून चालणार नाही.

आक्कांनी सांगितलेला बाटलीचा उपाय आम्ही का स्वीकारला नाही, असे काही वाचक विचारतील. दिवसभराच्या प्रवासात बाटली आणि तिचे बूच निर्जंतुक ठेवणे कठीण, आणि जुलाबाचे मूळ बहुधा तेथेच असते. आईला खरोखरच दूर राहावे लागणार असेल, तर आपले दूध स्वच्छ हाताने, स्वच्छ भांड्यात काढून ठेवावे. साध्या, फार उष्ण नसलेल्या हवेत ते सुमारे चार तास टिकते, उन्हात तेवढा भरवसा नाही. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या बंद डब्यात ते दिवसभर राहू शकते. ते पाजावे वाटी-चमच्याने. आपल्या आज्या यासाठी चांदीचे बोंडले वापरीत, त्यामागेही हेच शहाणपण होते. ते धुवावयास सोपे. १९९२ मध्ये आपल्या देशाने बाळांच्या डब्यातील दुधाच्या जाहिरातींवर निर्बंध घालणारा कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला, तोही याच काळजीपोटी. ज्या मातांना वैद्यकीय कारणाने पाजता येत नाही, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसरी व्यवस्था करावी. त्यात कमीपणा काही नाही.

अशा सहलीला निघणाऱ्या कुटुंबांसाठी आमच्या अनुभवाचे सार थोडक्यात सांगतो. दिवस सोमवार नसावा. त्या दिवशी पुतळा बंद असतो. बाळाच्या वेळेवर सहलीची वेळ बांधावी, सहलीच्या वेळेवर बाळाची नव्हे. दर दोन-अडीच तासांनी एक विसावा धरला, की दिवसात दोन-तीन ठिकाणे पुरे होतात. प्रवेशद्वारापाशीच बाळाला पाजण्यासाठी खोली आहे का, हे विचारावे, आणि हे विचारण्याचे काम आईवर न टाकता घरच्या पुरुषाने करावे. बरोबर दोन ओढण्या, दोन जादा कपडे, एक लहान उशी, पाणी आणि आईसाठी खाणे असावे. आमच्या पिशवीत अळिवाचे लाडू होते. ते आईपेक्षा आजोबांनीच अधिक खाल्ले, असा आरोप आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आईला घाई करू नये. “झालं का?” हा प्रश्न त्या दिवसापुरता घरी ठेवून यावा.

पुतळ्याच्या छातीपाशी, सुमारे १५३ मीटर उंचीवर, दालन आहे. तेथून धरण, नर्मदेचे पात्र आणि सातपुडा-विंध्याच्या रांगा दिसतात. पाळीपाळीने आम्ही सगळे वर जाऊन आलो. सूनबाई वरून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा वाऱ्याने लाल झाला होता. पाच महिन्यांत त्या एवढ्या उंचावर आणि एवढ्या मोकळ्या हवेत प्रथमच गेल्या होत्या. “नदी किती लांबवर दिसते!” एवढेच त्या म्हणाल्या आणि बाळाला घेण्यासाठी हात पुढे केले.

आपल्या मराठी मुलखात पाजण्याच्या ओढीची एक कथा घरोघरी ठाऊक आहे. रायगडावर दूध विकावयास गेलेली हिरकणी कोजागरीच्या रात्री दरवाजे बंद झाल्यामुळे गडावर अडकली आणि घरी तान्हे भुकेले असेल म्हणून कडा उतरून गेली. महाराजांनी त्या ठिकाणी बुरूज बांधून त्याला तिचे नाव दिले, असे सांगतात. महाराष्ट्रातील अनेक एस. टी. बसस्थानकांवर मातांसाठी राखलेल्या खोलीला ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात, हे नाव फार समर्पक आहे. तामिळनाडूनेही २०१५ च्या ऑगस्टमध्ये बसस्थानकांवर अशा खोल्या सुरू केल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजण्याची सोय असणे हा माता आणि बालक या दोघांच्या हक्काचा भाग मानला, जुन्या इमारतींत शक्य तेथे आणि नव्या इमारतींत आरंभापासूनच अशी जागा राखण्यावर भर दिला, आणि सार्वजनिक ठिकाणी पाजणाऱ्या आईला कमी लेखू नये, हेही सांगितले.

परंतु न्यायालयाचा शब्द बाकापर्यंत पोहोचावयास वेळ लागतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील करमणूक-उद्यानात आमच्या नात्यातील एका मुलीने पाजण्यासाठी जागा विचारली, तेव्हा तेथील रखवालदाराने स्वच्छतागृहाकडे बोट दाखविले. त्या उद्यानाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. आक्कांच्या १९८१ च्या आगगाडीपासून आपण किती पुढे आलो, हे त्या बोटावरून समजते. संडासात बसून आपण कोणी जेवत नाही. मग तान्ह्यानेच का जेवावे?

यासाठी फार मोठा खर्चही लागत नाही. आमच्या शाळेत दोन शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या, तेव्हा नकाशे ठेवण्याच्या खोलीतली कपाटे एका बाजूला सरकवून आम्ही तेथे हातांची एक खुर्ची, एक पाट, पाण्याचा माठ आणि दाराला आतून कडी एवढी व्यवस्था केली. एकीची आई मधल्या सुटीत बाळाला घेऊन येई. प्रसूतिलाभाविषयीच्या कायद्यात मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन वेळा मोकळीक देण्याची तरतूद आहे. ती पुष्कळ मातांना ठाऊकच नसते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवितो. आपल्या वाचकांपैकी अनेकजण महाराष्ट्र मंडळांच्या, गणेशोत्सवांच्या, मंगल कार्यालयांच्या कार्यकारिणीत आहेत. मंडप आखताना चपलांना, स्वयंपाकाला, पाहुण्यांच्या गाड्यांना जागा ठेवतो. तशीच एक कोपऱ्यातली, हवेशीर, पडद्याची जागा आखावी, तीत एक पाठीची खुर्ची ठेवावी आणि दारावर मराठीत व स्थानिक भाषेत पाटी लावावी. एवढे झाले तर पुढल्या उत्सवात कितीतरी सुना नाटकाचा दुसरा अंक पाहू शकतील.

परतीच्या वाटेवर आक्का सूनबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. डभोईच्या अलीकडे बाळाने मूठ तोंडात घातली, तेव्हा चिरंजिवांना गाडी थांबवावयास या खेपेस आक्कांनीच सांगितले.